नसलेल्या छिद्राची नोंद

प्रवाळाच्या एखाद्या ढेकळासमोर पाच मिनिटं हातपाय न हलवता थांबलं, की दगडालाच डोळे फुटल्यासारखं वाटतं. आधी जिथे काहीच नव्हतं तिथे दोन बारीक डोळे दिसतात. मग त्यांच्यामागे काचेसारखं अंग, आणि त्या अंगातून आरपार दिसणारी कण्याची रेघ. सगळा मासा करंगळीच्या नखावर मावेल एवढा. पोटाखालच्या परांवर रेलून तो बसलेला असतो. टुणकन उडी मारून बोटभर पुढे जातो आणि पुन्हा बसतो. हा गोबी, एवढं कुणीही सांगेल. कुठला गोबी, हे सांगायला मात्र कधी दोन मिनिटं लागतात, कधी दोन दिवस, आणि कधी नमुना कायमचा अर्ध्या नावावरच राहतो.

गोबींच्या साऱ्या गोतावळ्यात आज दोन हजारांच्या आसपास जाती धरल्या जातात. त्यातल्या नदीमुखांत आणि चिखलात राहणाऱ्या बोटभर, वीतभर जाती त्या मानाने सोप्या. खरी परीक्षा बघतात ते प्रवाळावरचे एक ते तीन सेंटिमीटरचे मासे. एकट्या एविओटा या प्रजातीत एकशेवीसहून अधिक जाती आहेत, ट्रिम्मात शंभराहून अधिक. ट्रिम्माटोम नॅनस नावाचा मासा तर पूर्ण वाढूनही जेमतेम एक सेंटिमीटरचा होतो. हिंदी महासागरातल्या चागोस बेटांवरून १९८१ मध्ये विंटरबॉटम आणि एमरी यांनी त्याचं वर्णन केलं. शब्दांचा घोळ नको म्हणून एक खुलासा: बोलण्यात आपण स्पीशीजलाही सर्रास 'प्रजाती' म्हणतो. इथे प्रजाती म्हणजे जीनस, म्हणजे नावातला पहिला शब्द, आणि जाती म्हणजे स्पीशीज. गोबींच्या बाबतीत हा भेद पाळावाच लागतो, कारण पहिला शब्द मिळवायची रीत वेगळी आणि दुसरा मिळवायची वेगळी.

एवढ्याशा माशांसाठी हा खटाटोप कशाला, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी दोनच गोष्टी. ग्रेट बॅरिअर रीफवरचा एविओटा सिजिलाटा हा गोबी जास्तीत जास्त ५९ दिवस जगतो, हे २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. कण्याच्या प्राण्यांत इतकं छोटं आयुष्य तोवर नोंदलं गेलं नव्हतं. पहिले तीन आठवडे तो अळीच्या रूपात खुल्या समुद्रात काढतो, मग रीफवर उतरून आठवडा-दोन आठवड्यांत वयात येतो, आणि उरलेल्या साडेतीन आठवड्यांत पिढी पुढे चालवतो. दुसरी गोष्ट २०१९ ची. रीफच्या तळाशी, फटींत लपून राहणारे हे बारीक मासे, म्हणजे गोबी आणि त्यांच्यासारखे इतर, रीफवर खाल्ल्या जाणाऱ्या एकूण मत्स्यमांसाचा जवळपास ६० टक्के वाटा पुरवतात, असं त्या अभ्यासात दिसलं. ते मरतात भराभर आणि त्यांची जागा भरते तीही भराभर. एवढं मोठं ओझं उचलणाऱ्यांच्या नोंदी 'बारीक गोबी, अनोळखी' अशा एका ओळीत उरकल्या जाव्यात, हे मला खटकतं.

आता ओळखीकडे. सुरुवात सगळेच रंगापासून करतात. करावीही, फक्त तिथे थांबू नये. रंगाच्या अडचणी तीन, आणि तिन्ही वेगवेगळ्या जागी पाय अडकवतात.

पहिली पाण्यातच. ट्रिम्माच्या कित्येक जाती मुळात लाल-नारिंगी, पण पाच-दहा मीटर खाली उतरलं की पाणी लाल प्रकाश गिळून टाकतं आणि तोच मासा मळकट तपकिरी दिसतो. हातात दिवा नसेल तर 'तपकिरी, पांढुरके ठिपके' अशी नोंद होते आणि ती वाचणारा भलत्याच जातीकडे जातो. दुसरी अडचण अंगाच्या पारदर्शकपणाची. एविओटाच्या अंगावर जे पट्टे दिसतात त्यातले काही कातडीवर असतात, काही कातडीच्या आत, कण्याच्या कडेने किंवा पोटाच्या पडद्यावर. फोटोत दोन्ही एकाच पातळीवर दिसतात. एविओटा पेलुसिडा या नावाखाली बरीच वर्षं एक काळ्या पोटाचा मासा फिरत होता. २०१२ मध्ये ग्रीनफील्ड आणि सुझुकी यांनी तो वेगळा काढून त्याला एविओटा आट्रिव्हेंट्रिस, म्हणजे काळ्या पोटाचा, असं नाव दिलं. नावच सांगतं की खूण कुठे बघायची होती.

तिसरी अडचण बाटलीतली, आणि सगळ्यात खोल. अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या माशाचे लाल, पिवळे, नारिंगी रंग निघून जातात. उरतं ते फक्त मेलॅनिन, म्हणजे काळे-तपकिरी ठिपके. जुनी वर्णनं बहुतेक अशाच उतरलेल्या नमुन्यांवरून लिहिलेली आहेत. म्हणून त्यात 'छातीच्या परांच्या बुडाशी दोन काळे ठिपके', 'गुदद्वारामागे पोटाच्या कडेला कातडीखाली इतके गडद ठिपके' अशी भाषा आहे. पाण्यातल्या फोटोंची भाषा मात्र लाल रेघांची आणि सोनेरी डोळ्यांची. एकाच माशाची ही दोन वर्णनं शेजारी ठेवली तर दोन वेगळे मासे वाटावेत. त्यांची गाठ घालून देतो तो फक्त असा नमुना, ज्याचा ताज्या रंगाचा फोटोही आहे आणि जो स्वतः बाटलीतही आहे, दोघांवर एकच क्रमांक असलेला. असा एक नमुना शंभर सुंदर फोटोंना भारी असतो.

रंग नेहमी फसवतोच असंही नाही. कॅरिबियन समुद्रातल्या इलाकाटिनस या, इतर माशांच्या अंगाची सफाई करणाऱ्या गोबींमध्ये अंगावरच्या पट्टीचा रंग, ती नाकाच्या शेंड्यावर जुळते की नाही, तोंड पुढे आहे की खाली, एवढ्यावर बरंच काम होतं. पण त्यांच्यातच इलाकाटिनस इव्हलिनी ही जात पिवळ्या, निळ्या आणि पांढऱ्या अशा वेगवेगळ्या रूपांत मिळते. म्हणजे तिथेही रंग हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही.

पहिला शब्द, म्हणजे प्रजाती, मिळवायला मासा हातात असायलाच हवा असं नाही. तो कशावर बसलाय आणि कसा बसलाय हे नीट बघितलं तर अर्धं काम पाण्यातच होतं. ॲक्रोपोरा या प्रवाळाच्या फांद्यांच्या बेचक्यात चपटा, उंच अंगाचा, गुळगुळीत मासा दिसला तर तो गोबिओडॉन. त्याच्या अंगावर खवले नसतात, वर विषारी श्लेष्म्याचा थर असतो. पोसिलोपोरा, स्टायलोफोरा, सेरियाटोपोरा या प्रवाळांच्या फांद्यांत तसाच गोटीसारखा मासा दिसला आणि गालांवर बारीक लव असल्यासारखं वाटलं, तर तो पॅरागोबिओडॉन. याच्या अंगावर खवले असतात. सोटासारख्या लांब काळ्या प्रवाळावर किंवा समुद्रपंख्यावर लांबट पारदर्शक मासा चिकटलेला असेल तर ब्रायनिनॉप्स. स्पंज, मऊ प्रवाळ, मोठे शिंपले यांच्यावर असेल तर प्ल्यूरोसिसिया असण्याची शक्यता मोठी. कपारीच्या छताला उलटा लटकलेला, अंगावर उभे पट्टे असलेला दिसला तर प्रायोलेपिस मनात धरावा. कपारीच्या तोंडाशी पाण्यात तरंगत राहणारे पुष्कळसे ट्रिम्मा. दगडावर, प्रवाळावर उघड्यावर टेकून बसणारे पुष्कळसे एविओटा. वाळूत बीळ, बिळाच्या दाराशी मासा आणि आत-बाहेर करणारी कोळंबी असं जोडपं असेल तर तो वेगळाच ताफा, आकाराने मोठा आणि त्या मानाने फोटोवरून ओळखू येणारा.

यातला 'पुष्कळसे' हा शब्द मुद्दाम वापरला आहे. काही एविओटाही झुंडीने तरंगतात, काही ट्रिम्माही बसतात. ब्रायनिनॉप्स नेटान्स तर कशालाच चिकटत नाही, ॲक्रोपोराच्या वर जांभळट-गुलाबी डोळे घेऊन तरंगतो. प्ल्यूरोसिसिया मोसाम्बिका स्पंजापासून समुद्री गवतापर्यंत कशावरही घर करतो. यजमान, म्हणजे मासा ज्यावर राहतो ते, बघून प्रजातीचा अंदाज बांधावा, पण यजमान बघून जात ठरवू नये. तरी यजमान लिहून ठेवावाच, आणि नुसतं 'प्रवाळ' असं नाही. गोबिओडॉनच्या जाती ॲक्रोपोराच्या ठरावीक जाती पसंत करतात. हिरवट अंगावर तांबड्या खुणा असलेले हिस्ट्रिओ आणि एरिथ्रोस्पायलस हे दोन गोबिओडॉन कितीतरी काळ एकमेकांच्या नावाने नोंदले गेले. हिस्ट्रिओच्या खुणा जुळून रेघा होतात, एरिथ्रोस्पायलसचे ठिपके सुटे राहतात. अर्धवट जुळलेल्या खुणांचा मासा समोर आला की यजमानाची नीट केलेली नोंद उपयोगी पडते. या मासा-प्रवाळ नात्याचं एक जुळणारं उदाहरण २०१२ मध्ये समोर आलं. विषारी हिरवं शेवाळ ॲक्रोपोरा नासुटाला टेकलं की प्रवाळाकडून पाण्यात रासायनिक हाक जाते, आणि गोबिओडॉन हिस्ट्रिओ व पॅरागोबिओडॉन एकिनोसेफॅलस काही मिनिटांत येऊन ते शेवाळ छाटतात. हिस्ट्रिओ ते खातो आणि स्वतः आणखी विषारी होतो. अशा प्रयोगात माशाचं नाव चुकलं असतं तर सगळी गोष्टच चुकली असती.

दुसऱ्या शब्दासाठी, म्हणजे जातीसाठी, एविओटा आणि ट्रिम्मात सूक्ष्मदर्शकाला पर्याय नाही. दहा ते चाळीस पट मोठं दाखवणारा, दोन डोळ्यांनी बघायचा साधा स्टिरिओ मायक्रोस्कोप पुरतो. उजेड बाजूने यावा आणि थंड असावा, तापणारा दिवा दहा मिनिटांत नमुना वाळवतो. नमुना अल्कोहोलमध्ये बुडालेला, पाठीवर उलटा, आणि हातात कीटक टोचायची सगळ्यात बारीक टाचणी.

पहिल्यांदा पोटाखालचे पर बघायचे. गोबी म्हटलं की हे दोन पर जुळून झालेली वाटी डोळ्यासमोर येते, आणि बहुतेक गोबींत ती असतेच. एविओटात ती नसते. दोन्ही पर सुटे, प्रत्येकात एक काटा आणि चार किंवा पाच किरण, म्हणजे पराला आधार देणाऱ्या मऊ, सांधे असलेल्या काड्या. टाचणीचं टोक दुसऱ्या-तिसऱ्या किरणांच्या मधे हलकेच घालून पर पसरवला, की दिसतं ते बघण्यासारखं असतं: प्रत्येक किरणाच्या कडेने बारीक फाटे सुटलेले, पिसाच्या तंतूंसारखे. या झालरीतच जातीची ओळख दडलेली आहे. चौथ्या किरणाला फाटे किती? काहींत चार-पाच, काहींत दहाच्या वर. एका फाट्यापासून दुसऱ्यापर्यंत किरणाचे सांधे किती? किरणांना जोडणारा पडदा चांगला वाढलेला की नुसता बुडाशी? आणि पाचवा किरण आहे का? तो बऱ्याचदा चौथ्याच्या आतल्या बाजूला, बुडाशी, धाग्याच्या तुकड्याएवढा असतो. दिसला नाही म्हणून 'नाही' लिहिण्याआधी पर उलट्या बाजूने पसरवून बघावा, चौथा किरण टाचणीने बाजूला करावा. इथली चूक फार महागात पडते, कारण ओळखीच्या किल्लीत, म्हणजे एकेका लक्षणाच्या प्रश्नातून नावापर्यंत नेणाऱ्या पायऱ्यांत, हा प्रश्न सुरुवातीलाच येतो. तिथे वाट चुकली, की पुढची प्रत्येक पायरी बरोबर टाकूनही चुकीच्या घरी पोचायला होतं.

मग डोकं. माशाच्या डोक्यात कातडीखालून संवेदनेच्या नळ्या गेलेल्या असतात आणि त्या ठरावीक जागी बारीक छिद्रांनी बाहेर उघडतात: नाकपुडीजवळ, दोन डोळ्यांच्या मधे पुढे आणि मागे, कानशिलाकडे, कल्ल्याच्या झाकणाच्या पुढच्या कडेला. ट्रिम्माच्या डोक्यावर ही छिद्रं नसतातच. एविओटात असतात, पण सगळ्यांत सगळी नाहीत. १९८० मध्ये लॅख्नर आणि कार्नेला यांनी एविओटाचा जो मोठा आढावा घेतला, तेव्हापासून या छिद्रांच्या मांडणीवरून जातींचे गट पाडले जातात. सगळी छिद्रं असलेला एक गट, फक्त कानशिलाचं छिद्र नसलेला दुसरा, आणि असे पुढे. म्हणजे एखादं छिद्र 'नाही' हीच ओळख. आणि 'नाही' हे सिद्ध करायला 'आहे' पेक्षा दुप्पट मेहनत लागते. श्लेष्मा साचून छिद्र बुजलेलं असू शकतं, कातडी खरचटून नवं 'छिद्र' तयार झालेलं असू शकतं, एका बाजूला असून दुसऱ्या बाजूला नसू शकतं.

यावर दोन उपाय चांगले चालतात. पहिला हवेचा. नमुना अल्कोहोलमधून काढून टिपकागदावर क्षणभर टेकवायचा आणि डोक्यावर बारीक नळीने हवेचा अगदी मंद झोत सोडायचा. पृष्ठभागावरचं पाणी सरकतं, छिद्रातलं तेवढं चमकत राहतं. खवल्यांच्या कडाही अशाच उठून दिसतात. पाच-सात सेकंद बघून नमुना लगेच परत बुडवायचा, नाहीतर परांचे पडदे आकसून चिकटतात. दुसरा उपाय सायनीन ब्लू या रंगाचा. त्याच्या पातळ द्रावात नमुना थोडा वेळ बुडवून धुतला, की छिद्रं आणि संवेदनेच्या उंचवट्यांच्या रांगा निळ्या उमटतात, आणि अल्कोहोलमध्ये ठेवल्यावर हा रंग हळूहळू निघूनही जातो. १९९७ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध झाली तेव्हा तिचं मोठेपण यातच होतं, की संग्रहातल्या जुन्या नमुन्यावरही कायमचा डाग न पडता ती वापरता येते.

त्या उंचवट्यांच्या रांगांचा इतिहास तर शंभर वर्षांहून जुना. इटलीच्या लुइजी सांझो यांनी १९११ मध्ये दाखवलं की गोबींच्या गालांवरच्या या रांगांची मांडणी वर्गीकरणाला उपयोगी पडते. त्या आडव्या आहेत की उभ्या, एवढ्यावर आजही प्रायोलेपिस आणि ट्रिम्मा वेगळे काढता येतात: प्रायोलेपिसच्या गालावर उभ्या, ट्रिम्माच्या गालावर लांबीच्या दिशेने. जपानचे माजी सम्राट अकिहितो यांनी अनेक दशकं गोबींवर संशोधन केलं. त्यांनीही गोबींच्या खांद्याच्या हाडापासून डोक्यावरच्या नळ्या आणि उंचवट्यांपर्यंतची अशीच, रंगावर न विसंबणारी लक्षणं पुढे आणली. आणि हे नुसतं पुस्तकी नाही. कॅरिबियनमध्ये कोरिफोप्टेरस पर्सोनाटस आणि कोरिफोप्टेरस हायलायनस हे दोन चिमुकले, काळ्या मुखवट्याचे गोबी झुंडीने तरंगतात. रंग जवळपास तोच, घरही तेच. डोळ्यांच्या मधे पुढच्या बाजूला छिद्र एक आहे की दोन, ही त्यांच्यातली ठोस खूण. पाण्यातून कितीही चांगला फोटो काढला तरी एवढं नेमकं त्यात येत नाही.

ट्रिम्मात छिद्रांचा प्रश्न नाही म्हणून ते सोपे, असंही नाही. तिथे दोन डोळ्यांच्या मधली आणि डोळ्यांमागची खोबण बघायची: आहे का, किती रुंद, किती खोल. पाठीच्या पराच्या पुढे मानेवर खवले आहेत का. पोटाच्या परातला पाचवा किरण एकदाच फुटतो की फाट्याला पुन्हा फाटे, आणि पडदा किती. पाठीचा दुसरा काटा दोऱ्यासारखा लांबला आहे का. हा दोरा जाळ्यात सहज तुटतो, म्हणून काट्याचं टोक निमुळतं आहे की तुटल्यासारखं बोथट, तेही बघून लिहायचं. खोटी खोबण हा तर बाटलीतला नेहमीचा फसवा प्रकार. नमुना अल्कोहोलमध्ये आकसला की नसलेली खोबण दिसायला लागते.

मोजणीच्या चुका ठरावीक आहेत. गोबींना पाठीवर दोन पर. पहिल्यात बहुधा सहा काटे, दुसऱ्यात एक काटा आणि मग किरण. पाठीच्या दुसऱ्या आणि गुदद्वारामागच्या परातला शेवटचा किरण बुडापासून दुभंगलेला असतो. तो एकच मोजायचा. दोन मोजला की नऊचे दहा होतात आणि मासा भलत्या जातीत जातो. एविओटात पाठीवर नऊ आणि खाली आठ, की दोन्हीकडे आठ, एवढ्या फरकावर पुढची वाट ठरते, म्हणून ही चूक परवडत नाही. कडेच्या खवल्यांच्या रांगा एविओटात बावीस ते पंचवीसच्या आसपास. खवले पकडतानाच झडतात, तेव्हा उरलेले खवले न मोजता त्यांचे कप्पे मोजायचे, तेही मागून पुढे आणि पुढून मागे असे दोनदा. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर दोन्ही लिहायचे. लांबी म्हणजे तुंडाच्या टोकापासून शेपटीच्या पराच्या बुडापर्यंत, पर सोडून, मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत. बारा मिलिमीटरच्या माशात अर्ध्या मिलिमीटरची चूक म्हणजे चार टक्के. डोळ्याचा व्यास लांबीच्या किती टक्के वगैरे गुणोत्तरं मग अर्थहीन होतात.

नर की मादी हेही बघावं. गुदद्वारामागचा उंचवटा नरात लांबट, निमुळता, मादीत आखूड आणि गोलसर. एविओटात नराच्या उंचवट्याला झालर आहे की नाही ही जातीची खूण ठरते. ट्रिम्मा ओकिनावी दोन्ही दिशांनी लिंग बदलू शकतो, तेव्हा मधल्या अवस्थेतला नमुना समोर आला तर गोंधळून जाऊ नये, तसं लिहावं.

हे सगळं बघता यावं म्हणून आधी नमुना नीट टिकवावा लागतो, आणि माझ्या मते सर्वाधिक नमुने इथेच वाया जातात. परवानगीशिवाय रीफवरून काही उचलायचं नाही, आणि उचलायचं तर मोजके, वेगवेगळ्या आकाराचे, नर-मादी दोन्ही. पकडण्यासाठी लवंगतेल अल्कोहोलमध्ये मिसळून फटीत सोडतात. भान हरपलेला मासा चिमट्याने न उचलता बारीक जाळीने किंवा पिचकारीसारख्या नळीने ओढून घ्यावा, चिमट्याने पर फाटतात. मग क्रम पक्का: आधी फोटो, मग डीएनएसाठी तुकडा, मग फॉर्मॅलिन. फोटो डाव्या बाजूचा, अरुंद काचेच्या डबीत, पर उभे. एकास एक मॅक्रो लेन्सवर छत्तीस मिलिमीटर रुंदीच्या सेन्सरवर बारा मिलिमीटरचा मासा फक्त एक तृतीयांश चौकट भरतो, तेव्हा एक फोटो डोक्याचा, एक पोटाच्या परांचा असा वेगळा घ्यावा. तुकडा उजव्या छातीच्या परातून, ९५ टक्के अल्कोहोलमध्ये. उजव्याच बाजूचा, कारण मोजणी आणि चित्रं रूढीने डाव्या बाजूची असतात.

फॉर्मॅलिनच्या टक्क्यांचा घोळ नेहमीचा. बाजारात मिळणारं द्रावण मुळात ३७ ते ४० टक्के फॉर्मल्डिहाइडचं असतं. त्याच्या एका भागात नऊ भाग पाणी घातलं की त्याला '१० टक्के फॉर्मॅलिन' म्हणतात, आणि त्यात प्रत्यक्ष फॉर्मल्डिहाइड चारेक टक्केच असतं. त्यात थोडं बोरॅक्स टाकलं नाही तर द्रावण आंबट होत जातं आणि बारीक हाडं, खवले विरायला लागतात. एवढ्या लहान माशाला एक-दोन दिवस पुरतात. नंतर पाण्यात धुवून सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये. घाई करून ताजा मासा थेट कडक अल्कोहोलमध्ये टाकला तर डीएनए उत्तम राहतो, पण अंग वाकतं, तोंड वासतं, पर ठिसूळ होतात, आणि मग त्या झालरीचे फाटे मोजायला गेलं की टाचणी लागताच तुटतात. फॉर्मॅलिनमध्ये मासा सुरेख राहतो, पण डीएनए खराब होतो. म्हणूनच तुकडा आधी.

डीएनएने या कामात मोठी उलथापालथ केली आहे. सीओआय या जनुकाचा सुमारे साडेसहाशे अक्षरांचा तुकडा वाचून जाती पडताळतात. ट्रिम्मावर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा अभ्यासात, बाह्यरूपावरून जेवढ्या जाती मानल्या होत्या त्यांहून कितीतरी जास्त वेगळ्या वंशशाखा निघाल्या. म्हणजे एकेका नावाखाली दोन-तीन मासे राहत होते. आता पेच असा पडतो: एका नावाचे तीन वाटे झाले तर जुनं नाव कुणाकडे जाणार? नियम स्पष्ट आहे, होलोटाइपकडे, म्हणजे ज्या एका नमुन्यावर ते नाव बांधलेलं आहे त्याच्याकडे. पण तो नमुना पन्नास-शंभर वर्षं फॉर्मॅलिन आणि अल्कोहोलमध्ये राहून रंग आणि डीएनए दोन्ही गमावून बसलेला. मग तो जिथून पकडला होता त्याच जागी जाऊन ताजे मासे आणायचे, त्यांची छिद्रं, फाटे, ठिपके जुन्या नमुन्याशी ताडायचे, आणि ताज्यांचा डीएनए त्या नावाला जोडायचा. म्हणजे फिरून टाचणी आणि सूक्ष्मदर्शकच. शिवाय डीएनएच्या साठ्यातली नावं ही ते नमुने ज्यांनी ओळखले त्यांची नावं असतात. तिथे चूक असेल तर यंत्र ती चूक ९९ टक्के जुळणीसह परत देतं.

वरच्या पातळीवरचं वर्गीकरणही हललेलं आहे, पण त्याचा हातातल्या माशाला फारसा त्रास नाही. निवटे आणि त्यांचे भाऊबंद आज अनेक वर्गीकरणांत ऑक्सुडर्सिडी या वेगळ्या कुलात ठेवतात, प्रवाळावरचे आपले छोटे मासे गोबिडीमध्येच राहतात, आणि एकेकाळी स्वतंत्र कुल मानलेला शिंडलेरिया हा अळीसारखाच राहणारा इवलासा मासाही आता गोबिडीत आला आहे. क्ष-किरण फोटोत मणके मोजले तर या बहुतेकांत दहा अधिक सोळा, एकूण सव्वीस निघतात. वेगळा आकडा आला तर आधी मोजणी पुन्हा करावी.

शेवटी नाव लिहायची वेळ येते. किल्लीतल्या सगळ्या पायऱ्या पार पडल्या आणि मूळ वर्णनाशी ताडूनही मासा जुळला, तर पूर्ण नाव. जुळतोय असं वाटतं, पण एखादं लक्षण तपासता आलं नाही, तर मधे 'सीएफ.', म्हणजे 'अमक्याशी ताडून बघा'. तपासलं आणि एखादं लक्षण खरंच वेगळं निघालं, तर 'ॲफ.', म्हणजे 'अमक्याच्या जवळचा, पण तो नव्हे'. या दोन खुणांची अदलाबदल सर्रास होते, आणि वाचणाऱ्याचा पुरता गैरसमज होतो: पहिली न तपासल्याची कबुली आहे, दुसरी तपासून काढलेला निष्कर्ष. नुसत्या फोटोवरून एविओटा, आणि पुढे काहीच नाही, हेही पूर्ण उत्तर मानावं. अंदाजाने लावलेलं जातीचं नाव यादीत जातं, यादीतून नकाशात, नकाशातून 'या जातीचा आढळ इथपर्यंत' अशा वाक्यात, आणि मग ते उपटणं कठीण होतं.

चिठ्ठी बाटलीच्या आत, माशाशेजारी. बाहेरची चिकटवलेली चिठ्ठी अल्कोहोलच्या थेंबांनी सुटते, बॉलपेनची शाई आत विरघळते. म्हणून जाड, न विरघळणारा कागद आणि पेन्सिल. तिच्यावर क्रमांक, जागा, खोली, तारीख, यजमान प्रवाळ, फोटोचा क्रमांक, आणि खाली काय बघितलं ते: पाठीवर नऊ, खाली आठ. पोटाच्या पराच्या चौथ्या किरणाला फाटे सात. पाचवा किरण, दोन्ही बाजूंनी पसरवून बघितला, नाही. कानशिलाचं छिद्र, डावीकडे नाही, उजवीकडे श्लेष्म्याखाली, पुन्हा बघणे.